जागेश्वरचा डावा गुडघा

जागेश्वर कोष्टी लाथ मारायचा ती उजव्या पायानं. डावा पाय जमिनीत रोवायचा, कमरेतून थोडा वळायचा आणि उजवा सोडायचा. नवऱ्याला भाजीत तिखट किती लागतं हे कळण्याआधी भागीरथेला हे कळलं होतं. तिचं लग्न झालं त्या वर्षी नागपुरात जिकडेतिकडे नवा झेंडा लागला होता, पोरं ओरडत प्रभातफेऱ्या काढत होती, आणि तांडापेठेतल्या एका घरात उमरेडहून आलेली ही कोवळी पोर भिंतीला पाठ लावून नवऱ्याच्या पायांकडे बघायला शिकत होती. तोंडाकडे बघून काही उपयोग नसे. तोंड त्याचं शेवटपर्यंत शांत असायचं. डाव्या पायाची बोटं मातीत रुतली की समजायचं, आता येते.

मागावर बसलेला जागेश्वर कुणी पाहिला असता तर त्याला हे खरं वाटलं नसतं. पुढच्या खोलीत जमिनीत खणलेला कमरेइतका खड्डा, खड्ड्याच्या काठावर तो बसलेला, पाय खाली पावड्यांवर. एक पावडी दाबली की ताण्याचे उभे धागे वरखाली फाकायचे, मधून आडव्या धाग्याचा धोटा पळायचा. दुसरी दाबली की उलट. त्याच्या हातची रेशीमकाठी लुगडी गांधीबागेतले व्यापारी चांगलं गिऱ्हाईक आल्याशिवाय उलगडत नसत. धागा तुटला तर दोन बोटांत धरून असा जोडायचा की गाठ शोधून सापडू नये. असा हळव्या हातांचा माणूस. खड्ड्यातून वर आला की मात्र त्याला कशाचंही निमित्त पुरे व्हायचं. धोट्यातली सुताची कांडी सैल भरली. पाणी कोमट होतं. बोलावल्यावर दुसऱ्या हाकेला आली. पहिल्या हाकेला आली तर, काहून धावत आली, काय लपवत होतीस.

भागीरथेची दोन पोटं त्या उजव्या पायानं गेली. पहिलं तर कळायच्या आतच गेलं. दुसऱ्याला हातपाय फुटले होते, मुलगी होती. सासूनं, सखूबाईनं, ती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून नेली आणि परत आल्यावर हातपाय धुऊन चूल पेटवली. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, हिचं पोट राहत नाही. राहत नाही! जसं काही ते पोट आपण होऊन उठून चालतं झालं होतं. भिंती मातीच्या, घरं एकाला एक चिकटलेली. शेजारच्या घरात पापड भाजला तर या घरात वास यायचा. पण भागीरथेचं ओरडणं कुणाला ऐकू येत नसे. तेवढ्यापुरती अख्खी गल्ली बहिरी व्हायची.

सखूबाई एका कानानं खरंच बहिरी होती. तो कान तिच्या नवऱ्यानं, जागेश्वरच्या बापानं, तरुणपणी फोडला होता. घरात आवाज चढला की म्हातारी सुताची परडी उचलायची आणि पलीकडच्या ओट्यावर जाऊन बसायची. सगळं थंडावलं की परत यायची, सुनेच्या पाठीला हळद लावायची, आणि लावताना म्हणायची, "जाऊ दे वं. मरद हाय." भागीरथेला त्या हळदीचाच जास्त राग यायचा. एकदा ती माहेरी उमरेडला निघून गेली होती. बापानं जेवू घातलं, रात्रभर राहू दिलं आणि सकाळी आपणच आणून सोडलं. जागेश्वरनं सासऱ्याला चहा पाजला, त्याच्या पाया पडला, मोटारस्टँडपर्यंत पोचवायला गेला. परत आला तेव्हा भागीरथा त्याच्या पायांकडे बघत उभी होती.

एकावन्न सालच्या मारबतीच्या दिवशी पहिल्यांदा गंमत झाली. भागीरथा मनातल्या मनात गंमत हाच शब्द वापरायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर घरात राहत नाही. पिवळी मारबत, काळी मारबत, दोन्ही पुतळ्या वाजतगाजत निघतात. रोगराई घेऊन जा, संकट घेऊन जा म्हणून लोक त्यांच्यामागं ओरडत धावतात. आणि गल्लोगल्लीचे बडग्ये, म्हणजे बांबू-कागदाचे राक्षसी पुरुष, पोरं खांद्यावर घेऊन नाचवतात. त्या वर्षी तांडापेठेच्या बडग्याचा पुढचा बांबू जागेश्वरच्या खांद्यावर होता. इतवारीच्या एका बोळात समोरून दुसऱ्या मोहल्ल्याचा बडग्या आला. बोळ एकाच बडग्यापुरता. आधी कोण जाईल यावरून शिवी गेली, शिवीमागून धोंडा गेला आणि पुढं कुणी कुणाचं ऐकलं नाही.

भागीरथा बायांबरोबर एका अनोळखी ओट्यावर उभी होती. तिनं सगळं वरून पाहिलं. जागेश्वरनं बांबू टाकला नाही. बांबूसकटच तो पुढं घुसला आणि टोकानं एकाचं तोंड फोडलं. दात पडल्याचं तिला दिसलं. दुसऱ्याला त्यानं केसांना धरून भिंतीवर आपटलं, एकदा, पुन्हा, पुन्हा. बडग्याच्या पांढऱ्या कागदावर रक्त उडालं आणि लोकांना आणखीनच चेव आला. जागेश्वरचा चेहरा नेहमीसारखाच शांत होता. त्याचा डावा पाय नालीच्या चिखलात घोट्यापर्यंत रुतला होता आणि तो कमरेतून वळत होता. भागीरथेचे हात आपोआप पोटावर गेले. कुणासाठी तरी लाथ येत होती.

ती सुटली नाही. कवडू नावाचा समोरच्या मोहल्ल्यातला दांडगा गडी कुणीतरी ढकलला म्हणून की आपणहून, सगळ्या अंगासकट बाजूनं जागेश्वरच्या डाव्या गुडघ्यावर येऊन पडला. पाय चिखलात अडकलेला, त्याला सरकायला जागा नाही. गुडघा आतल्या अंगाला वाकला. गुडघा पुढंमागं वाकतो. आत वाकलेला भागीरथेनं आयुष्यात पाहिला नव्हता. जाड कापड फाडताना होतो तसा आवाज झाला म्हणतात. एवढ्या गोंगाटात तिला तो ऐकू येणं शक्य नव्हतं, पण पुढं जन्मभर ती सांगायची, मी ऐकला. जागेश्वर ओरडला. तिनं त्याला ओरडताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि आजूबाजूच्या बाया "अरे देवा" म्हणत असताना ती गप्प उभी राहिली, कारण तोंड उघडलं असतं तर भलताच आवाज निघाला असता.

सरकारी दवाखान्यात मनोहर नावाचे तरुण डॉक्टर होते. अजून लोकांना समजावून सांगायची हौस असलेले. जागेश्वरचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. डॉक्टरांनी त्याला झोपवलं, पाय किंचित वाकवला, एक हात गुडघ्याला बाहेरून लावला, दुसऱ्यानं घोटा धरला आणि पाय हळूच बाहेर ढकलला. गुडघ्याच्या आतल्या अंगाला फट उघडली. कातडीखाली, पण दिसण्यासारखी. जागेश्वरनं खाटेची पट्टी दातांत धरली.

"हे पाहा, आजी," डॉक्टर सखूबाईला म्हणाले. आजीचा त्या बाजूचा कान बहिरा होता, म्हणून ऐकलं ते भागीरथेनं. "मांडीचं हाड वर, नडगीचं खाली. दोघांना बांधून ठेवायला दोन बाजूंना दोन पट्टे असतात. हा आतला. रुंद, चपटा, लुगड्याच्या काठासारखा. याला दोन पदर. वरचा लांब, खालचा आखूड, आणि तो आखूड पदर हाडांमधल्या गादीला चिकटलेला. खेरीज सांध्याच्या पोटात दोन दोर आहेत, आडवेतिडवे. गुडघ्याला बाहेरून घाव बसला की आतला पट्टा ताणला जातो आणि तुटतो."

भागीरथेनं पदराआडून विचारलं, "मार बाहीरून, अन् तुटते आतलं?"

"अगदी तसंच."

हे तिला नवीन नव्हतं. फक्त कुणी डॉक्टर ते खरं आहे म्हणून सांगेल असं तिला वाटलं नव्हतं.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "पट्टा पुरता तुटला नाही, बराचसा उसवला आहे. आतला पट्टा जुळतो. त्याला रक्त चांगलं मिळतं, कापाकापी करायला नको. पण पाय प्लॅस्टरमध्ये राहिला पाहिजे, मी काढेन तोवर. अर्धवट जुळला असताना पुन्हा बाहेरून फटका बसला, तर पट्टा, गादी आणि पोटातला दोर, तिन्ही जातील. मग हा पाय भरवशाचा नाही."

"का म्हन्ते डॉक्टर?" सखूबाईनं सुनेला विचारलं.

"पायाले जपा म्हन्ते, मामी," भागीरथा म्हणाली.

ते प्लॅस्टरचे दिवस भागीरथेच्या संसारातले सगळ्यात सुखाचे. जागेश्वर खाटेवर, पाय मांडीपासून घोट्यापर्यंत पांढरा, लाकडासारखा ताठ. तो शिव्या द्यायचा, हाताला लागेल ते फेकून मारायचा. पितळी तांब्यानं तिची भुवई एकदा फुटलीही. पण खाटेपासून चार हात लांब राहिलं की तो काही करू शकत नव्हता. हे चार हात अंतर तिला एवढं मोठं वाटायचं की ती तिथं बसून कांड्या भरताना गुणगुणायची. ती जेवायला लागली. अंग भरलं. तिच्या मनात यायचं, हा पाय असाच राहू दे, देवा, असाच पांढरा राहू दे.

माग बंद पडलेला कोष्टी मात्र किती दिवस गप्प बसेल? गल्लीतले म्हातारे रोज येऊन विचारायचे, पावडीवर पाय ठेवून पाहिला का? तांडापेठेत दवाखान्यापेक्षा पावडीवर विश्वास जास्त. ताप गेला का, मागावर बसून पाहा. कंबर सुटली का, मागावर बसून पाहा. कोष्ट्याचं अंग माग ओळखतो, अशी त्यांची खात्री. दसरा जवळ आला तशी जागेश्वरनं एका सकाळी घंगाळभर पाणी मागवलं, प्लॅस्टर भिजवलं आणि विळा हातात घेतला.

"डॉक्टर नाई म्हन्ले व्हते," भागीरथा म्हणाली. हे बोलण्याइतकी ती या दिवसांत धीट झाली होती.

जागेश्वरनं प्लॅस्टर मांडीपासून खालपर्यंत चिरलं, दोन्ही हातांनी फाकवलं, आतून सुरकुतलेला पाय बाहेर काढला. मग त्या प्लॅस्टरचं अर्धं टरफल उचलून त्यानं बायकोच्या डोक्यात घातलं. ते फुटलं, पुन्हा घातलं. पांढरा चुरा तिच्या केसांत, डोळ्यांत गेला आणि त्यात रक्त मिसळून त्याचा लगदा झाला. "आता सांग, का म्हन्ले डॉक्टर?" तो म्हणाला. सखूबाई परडी घेऊन ओट्यावर निघून गेली होती.

दुपारी तो मागावर बसला. डावा पाय पावडीवर ठेवला, दाबला. पावडी खाली गेली, वर आली. दुखलं नाही. धोटा पळायला लागला तसे गल्लीतले म्हातारे दारात जमले आणि माना डोलावू लागले. "बरा झाला पाय गा, एकदम बरा!" सखूबाईनं नारळ फोडला. जागेश्वरच्या मनात शंकेला जागाच उरली नाही. त्या दिवसापासून त्यानं दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही.

पण पावडी जाते सरळ खाली आणि येते सरळ वर. त्या कामात आतल्या पट्ट्याचा संबंध येतो कुठं? तो पट्टा राखणदार असतो बाजूच्या धक्क्याचा, वळण्याचा. माग त्याला कधीच काही विचारत नाही. अख्ख्या गल्लीच्या हे ध्यानात आलं नाही, कारण अख्खी गल्ली खड्ड्यात पाय सोडून सरळच दाबत आलेली.

भागीरथेच्या मात्र ते ध्यानात आलं. ती त्याच्या तोंडापेक्षा पायांकडे बघण्यात तरबेज होती. खड्ड्यातून वर येताना तो आता एक हात जमिनीवर टेकायचा. नळावरून घागर आणून दारात वळताना डावा गुडघा आत झुकायचा, क्षणभर, आणि तो मग शेणाच्या सारवणाला शिवी द्यायचा, निसरडं केलं म्हणून. सरळ रस्त्यानं मात्र गांधीबागेपर्यंत झपझप जायचा. संक्रांतीच्या सुमारास त्यानं तिला लाथ मारायला पाय उचलला आणि डाव्यावर डगमगला. लाथ तिच्या मांडीला घासून गेली. त्यानं तिलाच दोन थपडा दिल्या. तिनं त्या खाल्ल्या, पण तिचं लक्ष गालाकडे नव्हतं. डॉक्टरांच्या हातांखाली उघडलेली ती फट तिला दिसत होती.

उन्हाळ्यात तिला दिवस गेले. हे तिसरं. तिनं कुणाला सांगितलं नाही. सखूबाईनं एकदा नुसतं पाहिलं आणि त्या दिवसापासून पाण्याच्या घागरी स्वतः उचलू लागली. नवऱ्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "यावेळी टिकव म्हंजे झालं." हे वाक्य भागीरथेच्या छातीत जाऊन बसलं. त्याच दिवशी तिनं ठरवलं. हे मूल जगणार. त्यासाठी काय करावं लागेल ते तिला पक्कं ठाऊक होतं. करता येईल की नाही एवढंच ठाऊक नव्हतं. मागच्या खोलीतलं मुसळ उखळाजवळ असायचं. ते तिनं पुढच्या खोलीत, खड्ड्याच्या अलीकडच्या कोपऱ्यात आणून उभं केलं. सासू म्हणाली, "मुसळ तिथं काहून ठेवलं वं?"

"तिथंच बरं हाय, मामी."

सखूबाईनं मुसळाकडे पाहिलं, सुनेच्या पोटाकडे पाहिलं.

पुन्हा पोळा आला, पुन्हा मारबत. जागेश्वर नवा सदरा घालून बडग्याचा बांबू धरायला गेला. पोरांनी त्याला बाजूला केलं. "वळणावर तुमचा पाय दगा देते भाऊ, बडग्या पाडसान," कुणी म्हणालं, आणि मागून कुणीतरी "लंगड्या" म्हणून हाक मारली. लोक हसले. हे सगळं नंतर कळलं. घरी तो आला तो दारू पिऊन, उन्हं चांगली तापली असताना, आणि पहिला प्रश्न त्यानं विचारला, "लोकायले कोनं सांगतलं?"

भागीरथा सूत गुंडाळायच्या रहाटावर कांड्या भरत होती. सखूबाई उंबऱ्यापाशी बसून पोळ्याला दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या काढत होती.

"का सांगतलं?" भागीरथेनं विचारलं.

"माह्या पायाचं. तूच सांगत फिरतेस बायकायले. लंगडा म्हन्ते मले? लंगडा?"

त्यानं रहाटाला लाथ घातली. रहाट खड्ड्यात जाऊन पडला. भागीरथा उठून भिंतीला टेकली. त्यानं तिची वेणी धरली आणि डोकं भिंतीवर आपटलं; पांढरी माती झडली. पुन्हा आपटलं. तिच्या नाकातून रक्त आलं, ओठांवरून तोंडात गेलं. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते, म्हणून तोंड वाचवायला तिच्याकडे हातच उरले नव्हते. "टिकव म्हन्लं व्हतं ना तुले?" तो म्हणाला. चेहरा शांत. वेणी सोडून तो एक पाऊल मागं सरला.

डाव्या पायाची बोटं जमिनीत रुतली.

भागीरथेनं पोटावरचे हात काढले. आयुष्यात तिनं केलेली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती म्हणाल तर ही, पोट उघडं टाकणं. मुसळ तिच्या उजव्या हाताला होतं. तो कमरेतून वळला, उजवा पाय उचलला गेला, सगळा भार डाव्यावर आला, आणि तिनं दोन्ही हातांनी मुसळ फिरवून त्याच्या डाव्या गुडघ्यावर बाहेरून हाणलं. जितका जीव होता तितक्या जिवानं हाणलं. गेलेल्या दोघांचा जीवही त्यात घातला.

गुडघा आत वाकला आणि वाकतच गेला. या वेळी आवाज तिनं खरोखर ऐकला, एकामागून एक. जागेश्वर खड्ड्यात कोसळला, ताण्याचे धागे तोडत, पावड्यांवर. तो गुरासारखा ओरडत होता. भागीरथा काठावर मुसळ घेऊन उभी राहिली. नाकातलं रक्त खड्ड्यात ठिबकत होतं. तिला वाईट वाटलं नाही. तिला कडकडून भूक लागली होती.

"माय वं! मारलं हिनं मले! माय!"

सखूबाई उंबऱ्यातच होती. या वेळी ती ओट्यावर गेली नव्हती. बाहेर पावलं वाजली. गल्ली धावत येत होती, हो, तीच बहिरी गल्ली. जागेश्वरच्या एका ओरडण्यानं सगळ्यांचे कान उघडले होते. म्हातारी उठली. सुनेच्या हातातून तिनं मुसळ काढून घेतलं, मागच्या खोलीत गेली, उखळात ओंजळभर तांदूळ टाकले आणि कांडायला बसली. लोक आत आले तेव्हा खड्ड्यात जागेश्वर तळमळत होता, सून पदरानं नाक पुसत होती, आणि आतून मुसळाचा ठोका येत होता, धप्, धप्.

"का झालं? का झालं, बुढे?"

"पिऊन आला अन् खड्ड्यात पडला," सखूबाई आतूनच म्हणाली. ठोका चुकला नाही. "सून सावराले गेली तं तिलेबी लागलं. उचला आता, पाहून का राह्यले?"

दवाखान्यात तेच डॉक्टर होते. त्यांनी पाय धरून बाहेर ढकलला, नडगी पुढं ओढून पाहिली. नडगी पुढं सरकली, मेजाच्या ओढलेल्या खणासारखी. पट्टा गेला होता, गादी गेली होती, पोटातला दोर गेला होता. जे सांगितलं होतं ते सगळं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला वीतभर लांब काळानिळा वळ होता. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग भागीरथेच्या सुजलेल्या नाकाकडे, तिच्या पोटाकडे.

"हे कशानं झालं?" त्यांनी जागेश्वरला विचारलं.

जागेश्वरनं बायकोकडे पाहिलं. गर्भार बायकोनं आपल्याला मुसळानं पाडलं, हे शब्द त्याच्या तोंडून निघण्यासारखे नव्हते. उद्या बोळाबोळांतून पोरं ओरडली असती. "खड्ड्यात पडलो," तो म्हणाला.

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि प्लॅस्टर घातलं. या वेळी ते कुणी चिरलं नाही.

थंडीत जयवंता झाली. काळीसावळी, ठणठणीत, रडायला लागली की गल्ली हादरवणारी. सखूबाईनं ती मांडीवर घेतली, तिच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "पयलीवानीच हाय वं दिसाले." त्या दुसऱ्या पोटच्या मुलीला म्हातारीनं गुंडाळण्याआधी नीट पाहिलं होतं, हे भागीरथेला तेव्हा कळलं. दोघी रडल्या. हळदीचा राग त्या दिवशी भागीरथेनं सोडून दिला.

जागेश्वर मागावर परत बसला. पाय पावडीवर चालला, का चालणार नाही? सरळ दाबायला कुणाची ना नव्हती. लुगडी पहिल्यासारखीच देखणी निघत. पण उभा राहिला की काठी लागायची, आणि एका डाव्या पायावर तो पुन्हा कधी उभा राहिला नाही. हाताचा मार एक-दोनदा निघाला, तेव्हा भागीरथा मागं सरली नाही. दोन पावलं पुढं येऊन त्याच्या डाव्या अंगाला उभी राहिली, एवढंच. मग तोही बंद झाला. ती रोज संध्याकाळी त्याच्या गुडघ्याला तेल चोळायची. चोळताना अंगठा आतल्या अंगाला, हाडांच्या फटीवर ठेवायची आणि किंचित दाबायची. फट अंगठ्याला लागली की तिचं मन निश्चिंत व्हायचं. तो छताकडे बघत पडून राहायचा. ती काय तपासते हे त्याला ठाऊक होतं.

तयार लुगडी घेऊन दोघं गांधीबागेत जात. तो काठी टेकत, ती त्याच्या डाव्या बाजूनं, अगदी खांद्याला खांदा लावून. रस्ता ओलांडताना, गर्दीत, देवळात, कुठंही ती त्याची डावी बाजू सोडत नसे. व्यापाऱ्यांच्या बायका पोरींना दाखवायच्या, बघा, याला म्हणतात जोडा. नवऱ्याचा पाय अधू, तर कशी सावलीसारखी असते. भागीरथा ऐकायची आणि गोड हसायची.

साठ साली जयवंता आठेक वर्षांची असेल. बाप जेवायला उठला होता तेवढ्यात तिनं धोटा खेळायला घेतला आणि रेशमाच्या काठाचे बरेच धागे तोडून ठेवले. गांधीबागेत लग्नसराईला द्यायचं लुगडं होतं. जागेश्वर आला, त्यानं काठ पाहिला, पोरीकडे पाहिलं. पोरगी हसत होती. तिला मार म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. त्यानं हात उचलला.

आत भाकरी थापत असलेल्या भागीरथेनं काही ऐकलं असं नाही. ऐकण्यासारखं काही झालंच नव्हतं. पण ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि नवऱ्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. मुसळ त्याच कोपऱ्यात उभं होतं, त्या दिवसानंतर तिनंच पुन्हा आणून ठेवलेलं. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं नवऱ्याच्या पायाकडे पाहिलं.

जागेश्वरचा हात खाली आला. काठी टेकत तो खड्ड्यात उतरला, तुटलेले धागे दोन बोटांत धरून एकेक जोडायला लागला.

"आई, तू बाबाच्या या बाजूनंच काहून उभी रायते वं?" जयवंतेनं विचारलं.

"पाय अधू हाय त्यायचा," भागीरथा म्हणाली. "पडतीन."

खड्ड्यात जागेश्वरनं मान वर केली नाही. भागीरथेनं लेकीला जवळ ओढलं, तिच्या गालाला पीठ लागलं ते पदरानं पुसलं, आणि तिला घेऊन भाकरी भाजायला आत गेली.